घरची गोष्ट अर्धी, गावची गोष्ट पुरी

(वाचकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ऋषींचे ते ऋषी पाहून घेतील. आपण शेतात राबणारी, दर्यावर जाणारी माणसे. आपले कूळ आपण शोधले नाही तर ते दुसरे कोणी शोधायला येणार नाही. राजेरजवाड्यांच्या बखरी झाल्या, सरदारांच्या कैफियती झाल्या, इनामदारांच्या सनदा दप्तरात बांधून ठेवल्या गेल्या. आपल्या आजोबांनी कोणत्या साली घाट चढला, कोणाच्या ओसरीवर पहिली रात्र काढली, कोणत्या दुष्काळात बैल विकला, हे कोणत्या दप्तरात आहे? ते फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आहे. आणि तोंड मिटले की दप्तर जळाले.

आज मला बोलायचे आहे ते एवढ्यापुरतेच. घरच्या आजीला विचारा, हे सगळेच सांगतात. मी त्याच्या पुढे जाऊन सांगतो. घरची गोष्ट घरातच ठेवलीत तर ती अर्धी राहील. ती घेऊन गावातल्या इतर वडीलधाऱ्यांकडे जा. आपली गोष्ट आधी त्यांना सांगा, मग त्यांची ऐका. उरलेली अर्धी त्यांच्यापाशी आहे.

तुम्ही विचाराल, मास्तर, आमच्या घराची गोष्ट परक्याला काय ठाऊक असणार? तर नीट विचार करा. घर आपल्या गोष्टीतले काय काय टाकून देते? जे लाजेचे, ते टाकते. जे दुःखाचे, तेही टाकते. दुसऱ्याने केलेले उपकार तर दोन पिढ्यांत साफ विसरते. पण उपकार करणारा विसरत नाही. कर्ज फेडल्याचे घेणाऱ्याच्या घरी सांगतात, कर्ज दिल्याचे देणाऱ्याच्या घरी सांगतात. एका शेताची गोष्ट मालकाच्या माडीवर एक असते आणि कुळाच्या खोपीत दुसरी असते. एका रापणीची गोष्ट होडीच्या धन्याकडे एक, दोर ओढणाऱ्याकडे दुसरी. दोघांपैकी कोणी खोटे बोलतो असे नव्हे. प्रत्येकाच्या हाती दोराचे एक टोक असते, इतकेच.

माझे आजोळ निपाणीच्या बाजूचे. मी देवळांच्या गावात मास्तरकी करण्यात आयुष्य घालवले, पण उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिकडच्या तंबाखूच्या वासात गेल्या. म्हणून आज बेळगाव-निपाणीकडच्या गोष्टी सांगतो. तो मुलूख आपल्याला परका नाही. आपले मीठ आणि सुकी मासळी घाट चढून तिकडे जात होती, तिकडचे धान्य बैलांच्या पाठीवरून खाली येत होते. १८८८ साली मुरगाव बंदराहून निघालेला लोहमार्ग कॅसलरॉकला पोचला आणि घाटाची वाट आणखी सोपी झाली. आपल्या कितीतरी घरांत लोंढा आणि बेळगाव ही नावे शेजारगावासारखी घेतली जातात.

त्या मुलखात हेळवी नावाचे लोक फिरत आलेले आहेत. बेळगाव, चिकोडी, निपाणीकडे आणि तिकडे कोल्हापूर-सांगलीपर्यंत त्यांची फिरती. कानडीत हेळव म्हणजे पांगळा. त्यांचा मूळ पुरुष पांगळा होता, म्हणून बैलावर बसून दारी येण्याची रीत पडली, असे सांगतात. सुगी झाली की हा माणूस बैल घेऊन, घंटा वाजवीत दारात उभा राहायचा. मग घराण्याची वंशावळ म्हणायचा. तुमचा मूळ पुरुष अमक्या गावचा, तमक्या कारणाने गाव सोडले, तीन भाऊ तीन दिशांना गेले, कुलदैवत अमके, देवक तमके, पणजोबाला मुलगे किती आणि ते कोठे कोठे नांदले. त्याबद्दल त्याला धान्य मिळे, कपडा मिळे, ऐपतवान घरी गुरूढोरही मिळे.

या रिवाजातल्या तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली ही की, हेळवी नुसता सांगून जात नसे, तो विचारूनही घेत असे. मागच्या फेरीनंतर घरात कोण जन्मले, कोण वारले, कोण वेगळे निघाले, ते तो आपल्या वहीत उतरवून घ्यायचा. देणे आणि घेणे एकाच बैठकीत. दुसरी गोष्ट ही की, तो हे अंगणात म्हणायचा. आजूबाजूची म्हातारी माणसे येऊन बसायची. एखादे नाव चुकले तर कोपऱ्यातून आवाज यायचा, "असे नव्हे रे बाबा, तो थोरला नव्हता, धाकटा होता." दार लावून सांगितलेल्या गोष्टीला अशी तपासणी मिळत नाही. आणि तिसरी गोष्ट, हा हेळवी पुष्कळदा घरी कानडी बोलणारा असे आणि मराठी शेतकऱ्याच्या दारात त्याच्या कुळीचा इतिहास मराठीत सांगत असे. जी हद्द पुढे नकाशावर आली, ती त्याच्या वहीत नव्हती.

आता हे फेरे पूर्वीसारखे राहिले नाहीत. तीर्थाच्या ठिकाणी उपाध्यांच्या वह्या आहेत. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, हरिद्वार अशा ठिकाणी यजमानांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली सापडतात. हरिद्वारच्या वह्यांचे मोल तर इतके की अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या वंशावळी गोळा करणाऱ्या संस्थेने त्यांची सूक्ष्मचित्रे घेऊन ठेवली. पण या वह्यांत काय मिळते? नाव, गाव, बापाचे नाव, आलेल्याची सही. जो तीर्थाला गेला त्याचे नाव लागले. ज्याच्याकडे गाडीभाड्याला पैसे नव्हते त्याचे लागले नाही. आणि गोष्ट तर कोणाचीच नाही.

गोष्ट कशी पुरी होते त्याचा एक दाखला देतो. माझ्या आजोळी एक पितळेची घागर होती. जुन्या भांड्यांवर मालकाचे नाव घातलेले असते, हे तुम्हाला ठाऊक आहे. या घागरीवर नाव होते ते भलत्याच घराण्याचे. लहानपणी मी विचारले तर मामा म्हणाले, "बाजारातून जुनी घेतली असेल." आमच्या घरची गोष्ट एवढीच होती. पुढे मी शिक्षकाचे प्रशिक्षण घेत असताना सुट्टीत तिकडे गेलो होतो. शेजारच्या वाड्यात नव्वदीच्या घरातली एक म्हातारी होती. तिच्यापाशी बसलो आणि सहज, काही विचारायचे म्हणून नव्हे, आमच्या घरातल्या भांड्याकुंड्यांच्या गोष्टी सांगू लागलो. घागरीचे निघाले तशी ती म्हणाली, "ती होय? ती तुमची नव्हे. ती ठेव आहे."

तिच्या सासूने तिला सांगितले होते. प्लेगात गाव ओस पडले, लोक माळावर झोपड्या घालून राहिले. एका घरच्या माणसांनी जाताना आपली भांडी आमच्या पणजोबांच्या हवाली केली. बाकीची परत गेली. घागर राहिली, कारण न्यायला घरातला कर्ता उरला नाही. आमच्या घराने ती विकली नाही, मोडीत घातली नाही, नाव खोडून आपले घातले नाही. पण कशासाठी ठेवली हेच विसरले. म्हातारी आणखी म्हणाली, "त्यांची एक लेक होती. पलीकडच्या गावात दिलेली." मामांनी चौकशी केली. त्या लेकीचा नातू सापडला. घागर त्याच्या घरी पोचती झाली.

आता बघा. भांडे आमच्या घरात होते आणि त्याची गोष्ट शेजारच्या घरात होती. ती म्हातारी त्यानंतर दोन पावसाळे जगली. दोन वर्षे उशीर झाला असता तर आम्ही दुसऱ्याची ठेव आपली म्हणून वापरीत राहिलो असतो, आणि आपल्या पणजोबांवर कोणी किती विश्वास टाकला होता हेही आम्हाला कधी कळले नसते.

मंडळी, सीमाभागात तर ही निकड दुप्पट आहे. १९५६ च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला माणसे जेथे होती तेथेच राहिली आणि राज्य बदलले. हळूहळू कचेरीतली भाषा बदलली. आजोबांच्या जमिनीचा कागद मोडीत, वडिलांचा बाळबोध मराठीत आणि नातवाचा उतारा कानडीत, असे एकाच पेटीत तीन लिप्यांचे कागद असलेली घरे तिकडे आहेत. नातवाला आजोबांचा कागद वाचता येत नाही आणि आजोबांना नातवाचा वाचता आला नसता. शहराचे अधिकृत नावही २०१४ साली बदलले. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा घातला. दाव्याचे कागद न्यायालयात असतात. पण १९५६ साली आपल्या घरात काय बोलले गेले, चूल पेटली होती की नाही, कोण रडले, कोण म्हणाले "होईल सगळे ठीक", हे कोणत्या कागदात असणार?

१७ जानेवारी १९५६ ला बेळगावात गोळीबार झाला. तिकडे तो दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी जो पंधरा वर्षांचा होता तो आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. हिशेब तुम्हीच करा. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीला तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर हमरस्ता अडवला. बायकापोरांसह, बैलगाड्यांसह माणसे रस्त्यावर राहिली. ६ एप्रिलला तेथे गोळीबार होऊन शेतकरी मारले गेले. तेव्हाचे तिशीतले गडी आज पंच्याहत्तरीत आहेत. १ जून १९८६ ला कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात पुन्हा गोळ्या चालल्या. हिंडलग्याला त्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. तेव्हा विशीत असलेले आज साठीच्या घरात आले. स्मारकावर नावे कोरलेली आहेत. त्या नावांची माणसे घरून निघताना काय म्हणाली, भाकर कोणी बांधून दिली, निरोप कोणी आणला, हे दगडावर कोरलेले नाही. ते शेजाऱ्यांना आठवते, बरोबर चालणाऱ्याला आठवते. त्यांच्या घरच्यांनाही यातले पुष्कळसे ठाऊक नसेल, कारण दुःखाच्या घरात लोक बोलत नाहीत आणि घरचे विचारत नाहीत.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत बायका काम करीत. नाकातोंडात धूळ, मजुरी तुटपुंजी. पुढे त्यांनी संघटना केली. १९८२ साली त्यांच्यावर 'तंबाकू चाकिला ऊब आली' या नावाचा माहितीपट निघाला. तो करणाऱ्या बायका आधी त्या कामगार बायकांमध्ये राहिल्या, त्यांचे ऐकले, आणि मग त्यांच्याच तोंडून ते जगाला सांगितले. ही पद्धत मला महत्त्वाची वाटते. वखारीतल्या बाईच्या घरी नवऱ्याला, मुलाला तिच्या कामाची गोष्ट पुरती ठाऊक नसायची. ती ठाऊक होती शेजारी बसून तंबाखू चाळणाऱ्या दुसऱ्या बाईला. तुमच्या घरातली आजी मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरली असेल. तिची गोष्ट तुमच्या घरात विचारू नका. तिच्याबरोबर चालणारी जी कोणी हयात असेल, तिच्या दारात जाऊन बसा.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर कुर्डी घ्या. साळावलीच्या धरणात हा गाव बुडाला. उन्हाळ्यात पाणी ओसरते तेव्हा घरांचे चौथरे उघडे पडतात आणि जुने रहिवासी आपल्या मुलानातवंडांना घेऊन तेथे जमतात. देवाचा उत्सव करतात. म्हातारा माणूस हात दाखवून सांगतो, येथे आपली विहीर होती, तेथे तुझ्या आत्याचे लग्न झाले. शेजारी उभा असलेला दुसरा म्हातारा म्हणतो, विहीर जरा अलीकडे. बुडालेला गाव असा दोघांतिघांच्या बोलण्यातून वर येतो, एकट्याच्या बोलण्यातून येत नाही.

आणि गोवा-बेळगाव यांच्यात तर कितीतरी गोष्टी दोन्हीकडे अर्ध्या अर्ध्या पडून आहेत. १९५५ च्या सत्याग्रहात देशभरचे सत्याग्रही बेळगावाकडून आणि सावंतवाडीकडून गोव्याच्या हद्दीत शिरले. त्यांना तिकडे कोणी जेवू घातले, इकडे कोणी पाणी दिले, जखमीला कोणी उचलले? त्याच साली हद्द बंद झाली, गाडी थांबली. मावशी तिकडे आणि बहीण इकडे अशी ताटातूट झाली. १९६१ च्या डिसेंबरात फौजा बेळगावात जमल्या आणि १९ तारखेला गोवा मुक्त झाला. बेळगावच्या एखाद्या ओसरीवर सांगितली जाणारी गोष्ट तुमच्या गावच्या एखाद्या माडाखाली पुरी होण्याची वाट पाहत असेल.

आता हे करायचे कसे? मास्तर आहे, तेव्हा पाठ दिल्याशिवाय सोडणार नाही. पण सोपा आहे.

पहिले असे की, हात रिकामे घेऊन जाऊ नका. वही-पेन्सिल काढून "आजोबा, तुमची माहिती सांगा" म्हटलेत तर आजोबांना वाटेल, शिरगणतीवाला आला. आधी आपण सांगा. "आमच्या घरी असे सांगतात की आमचे पणजोबा अमक्या गावाहून आले." एवढे म्हणा आणि गप्प बसा. म्हातारे माणूस चुकीची गोष्ट फार वेळ सहन करीत नाही. ते दुरुस्त करायला लागले की गोष्ट सुरू झाली. पण हेही लक्षात ठेवा की आपण सांगायचे ते घरी ऐकलेले तेवढेच. आपल्याला जे उत्तर हवे आहे ते त्यात घालू नका. अमेरिकेत अॅलेक्स हेली नावाच्या काळ्या लेखकाने आजीच्या आणि तिच्या बहिणींच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींचा माग काढीत आफ्रिकेतला गांबिया देश गाठला. तेथल्या वंशावळ सांगणाऱ्या म्हाताऱ्याने त्याच्या पूर्वजाची गोष्ट सांगितली. १९७६ साली पुस्तक निघाले, जगभर गाजले. पुढे अभ्यासकांनी शंका घेतली. पाहुणा काय ऐकायला आला आहे हे गावाला आधीच कळले होते, आणि म्हाताऱ्याने त्याच्या मनासारखे सांगितले असावे. लांबून आलेल्या माणसाला निराश करू नये, ही आपल्याही लोकांची रीत आहे. म्हणून "आमचे आजोबा लढ्यात होते ना?" असे विचारू नका. "त्या साली आमचे आजोबा कोठे होते?" असे विचारा. मिळेल ते उत्तर घ्या, आवडो की न आवडो.

दुसरे, साल विचारू नका, खूण विचारा. तारखा कॅलेंडरवाल्यांना ठाऊक, आपल्या लोकांना प्रसंग ठाऊक. प्लेगची साले १८९६ नंतरची. मानमोडीची साथ १९१८ ची. बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली ती डिसेंबर १९२४. गांधीवध ३० जानेवारी १९४८. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. मोठा दुष्काळ १९७२ चा. आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरविरुद्ध रापणकारांचा लढा पेटला तो १९७० नंतरच्या दशकात. कृष्णा-वेदगंगेचा अलीकडचा महापूर ऑगस्ट २०१९ चा. ही खुणांची माळ एका कागदावर लिहून खिशात ठेवा. आजी म्हणाली, "भूकंप झाला तेव्हा मी परकरात होते, लग्न दोन वर्षांनी झाले," की लग्न १९६९ च्या सुमाराचे, हे आपण काढायचे. शाळेच्या दाखल्यावर फार भरवसा ठेवू नका. जुन्या काळच्या कितीतरी मुलांचा जन्म दाखल्यावर १ जूनचा असतो. आईला तिथी आठवत नव्हती, शाळा जूनात उघडत होती, मास्तरांनी तारीख घालून टाकली. आईला विचारलेत तर ती सांगेल, "पेरणी आटपली होती आणि गाय व्यालेली होती." ते दाखल्यापेक्षा खरे.

तिसरे, वस्तू बरोबर न्या. घागरीचे सांगितलेच. जुना फोटो, मोडीतला कागद, वल्ह्याचा तुकडा, पाटा, तराजू, काही चालेल. डोळ्यांनी दिसत नसेल तर हातात द्या. हाताला आठवते.

चौथे, बायकांकडे वेगळे जा. घरात येताना बाईचे आडनाव बदलते, कित्येकदा नावही बदलते, आणि तिच्या माहेरची गोष्ट उंबऱ्याबाहेर राहते. निपाणीची लेक कागलला, कागलची संकेश्वराला, खानापूरची गोव्यात, अशा लेकी दिल्या-घेतल्या गेल्या. राज्याची हद्द पुरुषांच्या सातबाऱ्यावर पडली असेल, पण नात्याचे जाळे बायकांनी विणले आणि ते हद्दीच्या दोन्ही बाजूंना पसरले आहे. एका पिढीच्या सुनांची माहेरे विचारा, अर्धा मुलूख समजेल.

पाचवे, शेजारच्या कानडी म्हाताऱ्याकडेही जा. सीमाभागातल्या जुन्या जाणत्यांनी नेहमी सांगितले की आपले भांडण कानडी माणसाशी नाही. तो आपल्याच बांधाला बांध लावून राहिला, त्याच बाजारात गेला, त्याच पुरात भिजला. तुमच्या आजोबांनी त्याच्या वडिलांना खांदा दिला असेल. त्याच्या आईने तुमच्या आत्याचे बाळंतपण केले असेल. त्याची गोष्ट त्याच्या भाषेत ऐका, समजत नसेल तर दुभाषा घ्या. हेळव्याला जे जमले ते आपल्याला न जमायला काय झाले?

सहावे, जे लाजेचे आहे ते जपून हाताळा. कोणाची लेक देवाला सोडलेली असेल. १९८२ साली कर्नाटकाने कायदा करून ती चाल बंद केली, पण त्या बायका आपल्यातच म्हाताऱ्या झाल्या आहेत. कोणाचा बाप कर्जापायी गाव सोडून गेला असेल. कोणाला पाणवठ्यावर येऊ दिले नसेल, आणि ज्यांनी येऊ दिले नाही त्यांत आपलेच घर असेल. ते ऐकायची तयारी ठेवा. वाद घालू नका. आणि ज्याने सांगितले त्याला विचारल्याशिवाय ते चार लोकांत बोलू नका, छापू तर मुळीच नका. विश्वासाने ठेवायला दिलेली घागर आणि विश्वासाने सांगितलेली गोष्ट, दोन्ही ठेवच.

सातवे, लिहून ठेवा. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आवाज भरून ठेवता येतो. जरूर भरा, सांगून भरा. पण फोन पाण्यात पडतो, मोडतो, बदलतो. दोनशे पानांची एक वही घ्या. कोणी सांगितले, कोणत्या दिवशी, कोठे बसून, हे वर लिहा आणि खाली त्यांच्याच शब्दांत गोष्ट लिहा. दोघांनी वेगवेगळे सांगितले तर दोन्ही लिहा. कोणते खरे याचा निवाडा करायची घाई करू नका. आणि एक प्रत ज्याने सांगितले त्याच्या घरी द्या. त्याच्या नातवंडांना ती लागेल.

येथे एक इशारा देतो. गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. म्हाताऱ्याने सांगितले म्हणून शेजाऱ्याच्या बांधावर कुदळ मारायला जाऊ नका. कज्जा करण्यासाठी जो गोष्ट विचारतो त्याला गोष्ट मिळत नाही आणि गावाची तोंडे मिटतात. हां, कोणता कागद कोठे शोधावा हे मात्र गोष्टीवरून कळते. कोणत्या गावाहून आलो ते कळले की कोणत्या कचेरीत जायचे ते कळते.

काही जण म्हणतील, म्हातारी माणसे तेच तेच सांगतात. सांगतात खरी. पण का सांगतात? पहिल्या खेपेला आपण नीट ऐकले नाही म्हणून. शाळेतला माझा अनुभव सांगतो. मुलांना मी घरची एक गोष्ट लिहून आणायला सांगतो आणि ती देवळाच्या मंडपात संध्याकाळी बसणाऱ्या म्हाताऱ्या मंडळींपुढे वाचायला लावतो. पहिल्या दिवशी पोरे लाजतात, म्हातारे पान लावत बसतात. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हातारा मध्येच हात वर करतो, वर्गातल्या पोरासारखा. "थांब, ते असे नव्हते." त्यानंतर ज्यांना आपण रोज बडबडे म्हणतो तीच माणसे अशी नवी गोष्ट सांगतात की त्यांच्या सुनाही ओसरीवर येऊन उभ्या राहतात. त्यांना कोणी विचारलेलेच नव्हते. आणि ज्याला विचारतात तो माणूस जरा ताठ बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

कोणी म्हणतील, वेळ कोठे आहे? शेतकऱ्याला मृगापासून दिवाळीपर्यंत नाही, कबूल. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, जाळी विणायची असतात. जाळे विणताना तोंड मोकळे असते. तंबाखूच्या, भुईमुगाच्या कामात चार माणसे गोल बसतात, तेव्हाही तोंड मोकळेच असते. पूर्वीच्या गोष्टी काम करतानाच सांगितल्या गेल्या. आपण सगळी कामे यंत्राला दिली आणि गोष्टींची जागा गेली. ती जागा मुद्दाम करावी लागेल.

तेव्हा बंधुभगिनींनो, माझे एवढेच मागणे. येत्या आठ दिवसांत प्रत्येकाने आपल्या गावातले, आपल्या घरातले नव्हे, असे एक ऐंशीच्या पुढचे माणूस निवडावे. घरून निघताना चार केळी घ्यावीत, नाहीतर हिरवी मिरची घातलेली भाकरी घ्यावी, काही घ्यावे. जाऊन बसावे. आपल्या घरची एक गोष्ट सांगावी, जशी ऐकली तशी. आणि मग गप्प बसावे. पाच मिनिटे काही झाले नाही तरी उठू नये.

जे मिळेल ते वहीत उतरवा. आणि बेळगावकडे, निपाणीकडे कोणाचे नातेवाईक असतील तर त्यांनाही पत्र घालून हेच करायला सांगा. त्यांच्याकडचे अर्धे आणि आपल्याकडचे अर्धे एकत्र आले तर घाटाच्या दोन्ही बाजूंच्या कष्टकऱ्यांची एक बखर तयार होईल. ती कोणा राजाच्या आज्ञेने लिहिलेली नसेल, म्हणून तीत खुशामतही नसेल.

आपण मला शांतपणे ऐकून घेतले. आता जाऊन त्यांना ऐका.